दसऱ्याला माझा आवाज गेला

मित्रांनो, शनिवार पेठेत सुनीतीबाईंच्या दर्शनी खोलीत बसलेला मी एक जुना संगणक. आधी एका कंपनीत राबलो. नवी यंत्रं आली, मी जिन्याखाली धूळ खात पडलो. बाईंचा भाचा गंधार तिथेच नोकरीला. त्यानं मला उचलून आणलं, माझ्यात लिनक्स ही संगणक चालवणारी मोफत प्रणाली घातली आणि मला वाचा दिली. पडद्यावरचं मराठी मी मोठ्यानं वाचू लागलो.

ते श्रद्धासाठी. वर्ध्याहून शिकायला आलेल्या, बाईंकडे राहणाऱ्या या मुलीला दिसत नाही. बाई तिची पुस्तकं टाइप करायच्या, मी वाचायचो, ती ऐकायची. जात्याला खुंटा, तसा तिला माझा घोगरा आवाज.

पण गंधारला चैन पडेना. लिनक्सचे प्रकार ढीगभर; आज हा, उद्या तो.

दसऱ्याला बाईंनी मला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. गंधार म्हणाला, "मावशी, आज मुहूर्त आहे. नवी आवृत्ती घालूनच टाकतो."

"अरे, परवा तिची परीक्षा!"

"तासाभराचं काम गं."

तासाभरानं पडदा झळाळला. श्रद्धानं कळ दाबली. मी बोलू गेलो, शब्द फुटेना. नव्या आवृत्तीशी माझ्या वाचनाच्या प्रोग्रॅमचं जुळेना.

"बघ, दिसतोय किती छान," गंधार पुटपुटला.

"दादा, त्या छान दिसण्याचं मी काय करू जी?"

बाई म्हणाल्या, "मुहूर्त पाहिलास, वेळापत्रक तेवढं राहिलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. या वेळी नवंकोरं नाही, तर सावकाश बदलणारं, वर्षानुवर्षं सांभाळलं जाणारं लिनक्स निवडलं. बाई सकाळपासून स्वतः वाचत होत्या. त्यांचा घसा बसला. संध्याकाळी माझा आवाज फुटला, तेव्हा श्रद्धा म्हणाली, "बाई, आता तुम्ही पाणी प्या."

तरी पुस्तकातलं एक प्रकरण ऐकायचं राहिलंच. परीक्षेत नेमका त्यावर प्रश्न आला. ती तो सोडून आली. पास झाली, पण त्या कोऱ्या पानाची बोच मला अजून आहे.

आता गंधार प्रत्येक बदल आधी स्वतःच्या यंत्रावर करून बघतो, मग माझ्याकडे वळतो. तरी 'अपडेट आले आहे' अशी पाटी झळकली की माझा पंखा घरघरू लागतो.

मित्रांनो, आम्हाला नवं जरूर करा. फक्त कळ दाबण्याआधी एकदा विचारा: आज याच्यावर कोण विसंबून बसलंय?