पाय धुण्याची परात

मित्रांनो, सुरुवातीला माझ्यात पीठ मळले गेले ते अवघे चार महिने. त्यानंतर एकवीस वर्षे माझ्यात फक्त पाय धुतले गेले. मी एक जुनी पितळी परात आहे. माझ्या काठावर ठोकून घातलेले नाव आता बोट फिरवूनच वाचावे लागते: ‘गिरिजा हिस, आई सोनूबाईकडून, १९८१.’

सोनूबाई भोकरदनच्या. लेकीच्या लग्नासाठी त्या बसने जालन्याला आल्या आणि भांड्यांच्या दुकानात प्रत्येक परातीवर बोटाने टिचकी मारून बघत बसल्या. माझा आवाज त्यांना आवडला. तो दिवस मला फार आठवतो, कारण निवडून घेतले जाणे एकदाच झाले माझ्या आयुष्यात.

सोनूबाई रविवारी उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती. गिरिजाबाई मात्र लग्न होऊन तीर्थपुरीच्या ॲडव्हेंटिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या घरात आल्या. या मंडळीचा पवित्र दिवस शनिवार, त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत भाकरी थापून व्हायच्या, चूल विझायची, आणि मग शनिवारी दिवस मावळेपर्यंत कामाला हात लागत नसे. गिरिजाबाईंनी हा नेम मनापासून घेतला. शुक्रवारी दुपारपासूनच त्यांचा आवाज हळू व्हायचा.

या मंडळीत दर तीन महिन्यांनी प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, एकमेकांचे पाय धुतात. बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. बायकांचे जुने भांडे गळायला लागले, तेव्हा गिरिजाबाई मला प्रार्थनाघरात घेऊन गेल्या. त्यांच्या मोठ्या नणंद गोजरबाई, एकट्या राहणाऱ्या विधवा, दारातच म्हणाल्या, “गिरिजे, इचार कर. एकदा हिच्यात पाय पडले की पीठ मळता यायचं न्हाई.”

“मंग न्हाई मळणार, आक्का. बसा तुम्ही आधी.”

माझ्यात पहिले पाय पडले ते गोजरबाईंचे. टाचांच्या भेगांत कापसाच्या वावरातली काळी माती बसलेली. पाणी लगेच गढूळ झाले.

“आक्का, तुमच्या टाचेत एक एकर वावर निघंल बघा.”

“अन् तुझी टाच अशी गुळगुळीत कशी? कामं कोण करू राह्यलं तुझी?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाय पुसण्याआधी मनात काही असेल तर सांगून टाकायचे, अशी तिथली रीत. गोजरबाई खाली बघत म्हणाल्या, “परवा ताकावरून बोलले तुला. मनात ठेवू नको.” गिरिजाबाईंनी नुसती मान हलवली आणि त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेऊन पुसले.

बारा वर्षे ही जोडी मोडली नाही. एरवी मी कपाटात पालथी असायची, पण मला त्याचे वाईट वाटत नसे. तीन महिन्यांनी त्या दोघी येणार, हे मला ठाऊक होते.

मग १९९३ साली सोनूबाई वारल्या. त्यानंतरच्या शनिवारी बायबलच्या वर्गात, मी ठेवलेली असायची त्याच खोलीत, गिरिजाबाईंनी पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारले, “माझी आई रविवार पाळायची. तिचं काय? देवाजवळ तिला जागा हाय का?”

पाळक मायाळू होते. ते म्हणाले, “ज्यांना हे सत्य कळलंच न्हाई, त्यांना देव दोष देत न्हाई, बाई.”

“पण मीच सांगितलं होतं तिला. सगळं समजून घेतलं तिनं. अन् न्हाई म्हणाली.”

पाळक पुस्तकाची पाने चाळत राहिले. गिरिजाबाईंनी गोजरबाईंकडे पाहिले. गोजरबाईंनी मान खाली घातली.

त्यानंतर गिरिजाबाई आल्या नाहीत. बाजाराच्या बाजूला रविवारची मंडळी होती, तिकडे जाऊ लागल्या असे कानावर आले. तिकडे पाय धुण्याची रीत नव्हती. म्हणजे माझी तिथे गरज नव्हती, आणि घरी पाय पडलेल्या परातीचे करायचे काय? कुणी मला न्यायला आले नाही.

विधीच्या दिवशी बायका जोड्या करून बसायच्या. गोजरबाई कुणाचे तरी पाय धुऊन द्यायच्या, आणि “तुमचे कोण धुणार?” असे विचारले की “माझे झाले” म्हणायच्या. झालेले नसायचे. मित्रांनो, हे फक्त मला माहीत होते. त्या टाचा मी ओळखत होते. नऊ वर्षे त्या माझ्यात आल्या नाहीत.

२००२ साली गावात वेगळीच हवा आली. निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एकत्र बसावे, बोलावे, असे काही मोठ्या माणसांच्या मनात आले. शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली. शेवटी दोन मंडळ्यांच्या पाळकांनी सगळ्यांसमोर एकमेकांचे पाय धुवायचे होते. मला चिंच लावून लखलखीत केले, टेबलावर ठेवले, शेजारी नवा टॉवेल.

मागच्या बाकांवर शब्बाथची मंडळी सोडून गेलेली पाच-सात माणसे बसली होती. गिरिजाबाईही होत्या. केस बरेच पांढरे झालेले. त्यांच्या पुढे बसलेला कचरू, तोही सोडून गेलेला, मागे वळून म्हणाला, “चहा पिऊस्तोवर भाऊ-भाऊ म्हणतील, वहिनी. घरी गेले की आपल्यासाठी रडत प्रार्थना करतील.”

“मी चहाला आलेच न्हाई, कचरूभाऊ,” गिरिजाबाई म्हणाल्या.

बाहेरगावहून आलेले शब्बाथच्या मंडळीचे एक वडीलधारे साहेब भाषणाला उभे राहिले. आवाज गोड होता. “आपल्यात खरं म्हणजे काही फरक नाहीच,” असे त्यांनी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर गिरिजाबाई उठल्या. आवाज नेहमीसारखाच हळू.

“साहेब, फरक न्हाई तर माझ्या आईचं उत्तर द्या. देवाजवळ तिला जागा हाय का न्हाई?”

“बाई, आजचा दिवस आनंदाचा आहे. वादाचे विषय आज नकोत.”

“वाद न्हाई घालत. इचारू राह्यले. समजूनही रविवार पाळला त्याला देवाजवळ जागा न्हाई, असं तुमच्या वर्गात अजून शिकवता का, एवढंच सांगा. आत एक अन् हॉलात एक असं का?”

साहेब हसले आणि घड्याळाकडे पाहू लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने गोजरबाई काठीच्या आधाराने उभ्या राहिल्या.

“गिरिजे, तेच शिकवतात. अन् मी बी तेच मानते. तुझ्यासाठी रोज सकाळी गुडघे टेकते, तू परत यावी म्हणून. इतक्या लोकांत खोटं कशाला बोलू?”

गिरिजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण चेहरा मोकळा झाला होता. “एवढंच पाहिजे व्हतं, आक्का. नऊ वर्षांत हे कुणी तोंडावर सांगितलं न्हाई,” असे म्हणून त्या बाहेर निघाल्या.

पाळकांनी पाय धुतले. फोटो निघाला. पण माझ्यातले पाणी जसे ओतले तसेच स्वच्छ राहिले; दोघेही घरून पाय धुऊन आले होते.

सभा संपल्यावर गोजरबाईंनी मला उचलले आणि फाटकाशी थांबलेल्या गिरिजाबाईंच्या हातात दिले. “तुझ्या आईची हाय. घेऊन जा.”

“आता हिचं काय करू, आक्का?”

“तुझं तू बघ.”

मग मी गिरिजाबाईंच्या घरी माळ्यावर पडून राहिले. खाली पीठ मळल्याचा आवाज यायचा, तो स्टीलच्या परातीचा. आपल्याच घरात परके होणे कसे असते, ते मला त्या दिवसांत कळले.

हिवाळ्यात गोजरबाई ओट्यावरून पडल्या. कंबर धरली, चुलीपाशी बसवेना. ते कळले त्या सकाळी गिरिजाबाईंनी मला खाली काढले, राख आणि चिंचेने घासले, दोनदा उकळत्या पाण्याने धुतले आणि माझ्यात ज्वारीचे पीठ घेतले.

सून बेबीनंदा धावत आली. “आत्याबाई, ही पायाची परात हाय!”

“कोणाचे पाय व्हते, ते मला माहीत हाय.”

पीठ अंगाला लागले तेव्हा मला काय वाटले, ते मला सांगता येणार नाही. दोन भाकरी फडक्यात बांधून बेबीनंदा गोजरबाईंकडे गेली. परतली तेव्हा फडक्यात मूठभर ओला हरभरा बांधलेला होता.

“काय म्हणाल्या?” गिरिजाबाईंनी विचारले.

“त्यांनी इचारलं, कशात मळलं. मी खरं सांगितलं. मंग डोळे मिटून प्रार्थना केली अन् अर्धी भाकर खाल्ली. म्हणल्या, गिरिजेला सांग, माझं मत बदललं न्हाई.”

गिरिजाबाई हरभरा सोलत हसल्या. “माझं तरी कुठं बदललंय!”

दोन महिने रोज माझ्यात त्या दोन भाकरींचे पीठ मळले गेले. फक्त शुक्रवारी चार भाकरींचे, आणि तेही दिवस मावळायच्या बरेच आधी, कारण शनिवारी केलेली भाकर आक्का खाणार नाही, हे गिरिजाबाईंना पाठ होते. मग एका सोमवारी फडके तसेच बांधलेले परत आले. गोजरबाई पहाटे गेल्या होत्या.

आता मी चुलीमागे भिंतीला टेकून उभी असते. गिरिजाबाई रोज सकाळी गुडघे टेकतात, तेव्हा त्यांची पाठ मला दिसते. कुणासाठी काय मागतात, ते ऐकू येत नाही.

मित्रांनो, कुणाशी पटत नसेल तर तसे तोंडावर सांगा, हळू आवाजात सांगा, आणि भाकर पाठवत राहा. आणि माझ्यासारखे जुने भांडे घासायची वेळ आली, तर काठाला विटकरीची पूड लावू नका. चिंच पुरते. नाव फार झिजले आहे.