कामावर असलेली शिडी

जावयाचं काम इमारती तपासण्याचं. जुनी इमारत दिसली की तो तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, भिंतीवर बोटाने टकटक करायचा आणि आत राहणाऱ्यांना सांगायचा की तुम्ही आजवर जगलात कसे याचंच मला नवल वाटतं. मग दारावर लाल रंगाची फुली मारायचा. लोक त्याला वचकून असत. तो रस्त्याने येताना दिसला की काही जण गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आत घेत. तेवढंच वजन कमी.

अशा माणसाने सासऱ्यांच्या बागेत स्वतःच्या हातांनी एक शेड बांधली होती आणि ती पडायला आली होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. जावयाला माहीत नव्हतं, कारण त्याला सांगणार कोण?

सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. मामांनी उभी हयात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काढली होती. तिथे बसणाऱ्याच्या लेखी पाहुणा कधी चुकत नसतो. एकदा कुणीतरी दुसऱ्याच हॉटेलची किल्ली घेऊन आला आणि खोली उघडत नाही म्हणून आरडाओरडा करू लागला, तर मामांनी माफी मागून कुलूप बदलून दिलं होतं म्हणे. जावई म्हणजे तर जन्माचा पाहुणा. ‘तुमची शेड वाकडी आहे’ असं त्याच्या तोंडावर म्हणणं मामांच्या जिभेला जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी गुपचूप शेडच्या आतून पुढच्या कोपऱ्याला शिडी तिरकी लावली आणि तिच्या पायाशी खताचं पोतं टाकलं.

त्या दिवसापासून शिडी नोकरीला लागली. घरात कुणी मागितली की मामा म्हणत, ती कामावर आहे. शेडमध्ये शिंकायला बंदी झाली. शिंक आलीच तर बाहेर जाऊन यायचं. दार हळूच लोटायचं. मांजराला आत परवानगी होती, पण बसायचं उजव्या बाजूला. मांजर सोडून सगळे नियम पाळत होते. आणि एवढं असून मामा रोज सकाळी त्याच शेडमध्ये जाऊन बसत. घरात त्यांना विचारून पानही हलत नसे. शेडमधल्या टोमॅटोच्या रोपांवर मात्र त्यांची सत्ता होती.

तर एका रविवारी जावई आणि त्याची बायको जेवायला आले. हात धुवायला जाताना जावई पॅसेजमध्ये सासूबाईंवर आदळला. मामी भिंत चाचपत येत होत्या, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारख्या. दिवा गेलाय का, त्याने विचारलं. गेलाय खरा, मामी म्हणाल्या, पण आता सवय झालीय, उलट लागला तर डोळ्यांना त्रास व्हायचा.

जावयाला आपण कामाला येऊ अशी संधी दिसली. जेवता जेवता तो म्हणाला, शिडी द्या, आत्ता बदलतो.

सगळ्यांचे घास थांबले. शिडी शेजाऱ्यांनी नेलीय, असं मामा म्हणाले. त्याच वेळी मेव्हणा म्हणाला की ती मोडली. आणि मामी म्हणाल्या, आपल्याकडे शिडी होतीच कधी?

एका शिडीबद्दल तीन माणसं एकदम तीन गोष्टी सांगतात तेव्हा शिडी जवळपासच असते, एवढं तपासणीच्या धंद्यात माणूस शिकतो. जेवण झाल्यावर जावई पाय मोकळे करायच्या निमित्ताने बागेत गेला.

शेडच्या दाराची चौकट आता चौकट म्हणण्यासारखी राहिली नव्हती. पतंग होण्याकडे तिची वाटचाल चालू होती. आत शिडी मान खाली घालून कोपरा पेलत उभी होती. दुसऱ्या कुणाच्या घरी हे दिसलं असतं तर त्याने एव्हाना लाल डबा उघडला असता. इथे त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं. नियम माहीत नसताना त्याने तो पाळला.

घरात येऊन तो म्हणाला की डोकं जरा जड झालंय, मी पडतो, तुम्ही सगळे आत्याबाईंचं नवीन घर बघून या. मामा निघायला तयार नव्हते. फाटकापर्यंत जाताना त्यांनी तीनदा वळून पाहिलं, एकदा जावयाकडे आणि दोनदा शेडकडे.

मग तपासणी सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदाच जावई दोष शोधत नव्हता. दोष दुसऱ्या कुणाचा निघावा म्हणून धडपडत होता. सगळ्यात जास्त भिस्त वाळवीवर होती. त्याने प्रत्येक खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. लाकूड खणखणीत निघालं. मग त्याने खांबांखालच्या फरशांच्या कडेने उकरलं; जमीन खचली असेल तर प्रश्नच मिटला. जमीन घट्ट होती. उंदीर नव्हते. मांजराकडेही त्याने संशयाने पाहिलं. ते डाव्या बाजूला बसलं होतं हे खरं, पण एका मांजराने शेड झुकत नाही, हे त्याला कबूल करावं लागलं.

शेवटी त्याने ओळंबा काढला. दोरीला लोंबणारं वजन. त्याला भीड नाही, नातं नाही. मागचे दोन्ही खांब दोरीला धरून सरळ होते. पुढचे दोन्ही डावीकडे गेले होते. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारी तिरकी पट्टी होती. पुढच्या भिंतीवर पट्टी नव्हती. तिच्या स्क्रूंची भोकं होती.

खरं तर हे त्याला आत पाऊल टाकल्याबरोबर कळलं होतं. मधली सगळी खटपट म्हणजे गुन्हेगाराने स्वतःच पोलिसांबरोबर गल्लीभर फिरून चौकशी करण्यासारखी होती.

शेड पुरी झाली त्या दिवशी सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला होता. ऑफिसात दाखवायला जावयाला तो हवा होता. ती पट्टी बरोबर खिडकीवरून तिरकी जात होती आणि फोटोत खिडकीला जखम होऊन पट्टी चिकटवल्यासारखं दिसत होतं. म्हणून त्याने ती काढली. दोन मिनिटांसाठी. मग फोटो झाला, जेवण झालं, डुलकी झाली, निरोप झाले, आणि तो घरी गेला. हाच माणूस रोज लोकांना आगकाड्यांचा चौकोन करून दाखवायचा. बोटाने ढकलला की चौकोन लोळायचा. मग तो एक काडी तिरकी लावायचा आणि म्हणायचा, चौकोन भिडस्त असतो, कुणीही ढकललं की सरकतो, त्रिकोण हट्टी.

पट्टी त्याला कुंपणापाशी सापडली. ती जमिनीत रोवलेली होती आणि तिच्यावर मामींचा शेंगांचा वेल चढला होता. त्याने वेल सोडवायला सुरुवात केली, एकेक तंतू, झोपलेल्या माणसाच्या हातातून पाकीट काढावं तसा. सगळे यायच्या आत पट्टी लावायची, शिडी भिंतीला ठेवायची आणि पुन्हा डोकं धरून पडायचं, असा बेत होता. कुणाला काही बोलावं लागणार नव्हतं. मामांना वाटलं असतं, शेड सुधारली आपोआप.

बेतात एकच अडचण होती. पट्टीचं वरचं टोक बसवायला शिडी हवी होती, आणि शिडी कामावर होती.

क्षणभर काढायला काय हरकत आहे, असा विचार त्याने केला. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. हा शिकलेला असल्यामुळे घाबरला नाही.

शिडी निघाली आणि शेडने एक दीर्घ उसासा टाकला. जावई धावत दारात आला आणि त्याने चौकटीला खांदा दिला. शेड थांबली. मांजराने परिस्थिती पाहिली आणि त्याच्या दोन पायांमधून ते बाहेर निघून गेलं. तपासनीस म्हणून ते त्याच्यापेक्षा बरं होतं. जावयाने खांदा काढून पाहिला, शेड निघाली. खांदा परत लावला, थांबली. फोन घरात होता.

आत्याबाई घरी नव्हत्या, त्यामुळे मंडळी लवकर परत आली. सगळ्यात आधी मामा आले. दारात जावई एका खांद्यावर रेलून, पाय लांब रोवून, लालबुंद चेहऱ्याने उभा.

"काय जावईबापू, वारा खाताय?" मामांनी विचारलं.

"हो. जरा टेकलोय."

"टेका, टेका. आपलीच शेड आहे."

मामींनी चहा आणला. त्याने एका हाताने घेतला. मेव्हण्याने खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाला, भावजी, बसून टेका की. मामांनी आत्याबाईंच्या घराचं वर्णन बाहेरून दिसलं तेवढं केलं, बंद दाराचा रंग, पायऱ्या, कुंडी. आणि जावई हं हं म्हणत असताना त्याची चप्पल मातीत हळूहळू मागे सरकत होती. शिडी बाहेर गवतावर सगळ्यांच्या मधोमध पडली होती. मामी तिला ओलांडून बिस्किटं घेऊन आल्या. वेल विस्कटून जमिनीवर लोळत होता. त्याच्याकडेही कुणी पाहिलं नाही. एवढी माणसं एवढ्या गोष्टींकडे न पाहण्यासाठी केवढे कष्ट घेत होती.

जावयाला वाटलं, शेड अंगावर पडली असती तर बरं झालं असतं. निदान तिच्याखाली तोंड लपलं असतं.

शेवटी बायको आली. तिने चपलेपासून खांद्यापर्यंत नवऱ्याला पाहून घेतलं.

"किती वेळ टेकणार आहेस?"

"बघू."

"नाही, म्हणजे रात्रीचं ताट इथेच आणायचं का, तेवढं सांग."

टेबलच बाहेर आणता येईल, असं मामा अगदी मनापासून म्हणाले. आणि ते म्हणता म्हणता ते सहज उठले, बाहेरून डाव्या कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले आणि त्यांनी त्यावर हात ठेवला. जावयाच्या खांद्यावरचा भार एकदम हलका झाला. मामांनी खांबाकडे पाहिलंही नव्हतं. हात आपोआप जागेवर गेला होता, आणि तिथलं लाकूड जुन्या जिन्याच्या कठड्यासारखं गुळगुळीत आणि काळपट झालेलं होतं.

पुढचं वाक्य बोलायला जावयाला शेड धरण्यापेक्षा जास्त जोर लागला.

"मामा, ही शेड वाकडी झाली नाही. मीच तशी ठेवून गेलो. एक तिरकी पट्टी होती, ती मी फोटोसाठी काढली. परत लावायची राहिली."



"होतं असं," मामा म्हणाले. हा त्यांचा स्वागतकक्षातला आवाज होता. मग थोड्या वेळाने, घरातल्या आवाजात: "आम्हाला वाटलं, हल्ली असंच बांधत असतील."

"म्हणजे तो दांडा वेलासाठी नव्हता?" मामींनी विचारलं. "मी तर अख्ख्या गल्लीला सांगितलं, आमच्या जावयाने वेलाचासुद्धा विचार केला."

याच्यावर जावयाने मान खाली घातली, म्हणजे चौकटीत अडकलेल्या माणसाला जितकी घालता येते तितकी. मेव्हण्याला इतकी वर्षं अशी संधी मिळाली नव्हती. तो म्हणाला, "भावजी, फुली मारू का? रंग तुमच्या गाडीतच असेल."

"मार," जावई म्हणाला.

मेव्हण्याला हे अपेक्षित नव्हतं. तो गवताकडे पाहत पुटपुटला की नको, राहू दे, मी आपलं असंच म्हटलं.

मग काम झालं. मेव्हण्याने शिडी आत नेऊन लावली, तेव्हा कुठे जावयाचा खांदा सुटला. पुढच्या कोपऱ्याला दोर बांधून त्याचं दुसरं टोक झाडाला अडकवलं आणि मध्ये काठी घालून दोर पिळत नेला. शेड कुरकुरत, म्हातारं माणूस खुर्चीतून उठावं तशी, सरळ होत गेली. बायकोने ओळंबा धरला आणि जरा आणखी, जरा आणखी, बस, असं सांगत राहिली. चौकट पुन्हा चौकट झाली. दोराने शेड धरल्यावर शिडी बाहेर आली आणि जावयाने पट्टी खिडकीवरून तिरकी बसवली, जुन्या भोकांत नवे, लांब स्क्रू घालून. वेलाची दोन पानं तिच्यावर तशीच राहिली. दोर सोडला, सगळ्यांनी श्वास धरला. शेड हलली नाही. मामा आत गेले, दार आपटलं, मुद्दाम दोनदा शिंकले आणि खिडकीतून डोकावून म्हणाले, छान, आता बाग दोन भागांत दिसते.

शिडी मोकळी झाली होती. जावई ती घेऊन तडक पॅसेजमध्ये गेला. निदान एक काम तरी धड व्हावं. अंधारात चढला, जुना बल्ब काढला, नवा बसवला आणि कुणीतरी बटण दाबलं.

समोरच, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो फोटो होता. चौकटीत, काचेत. मधोमध तो स्वतः छाती काढून उभा. मागे खिडकी, मोकळी, एकही पट्टी नसलेली. आणि डावीकडे मामा, चेहरा हॉटेलातल्यासारखा हसरा. त्यांचा एक हात कोपऱ्यातल्या खांबावर होता. सहज ठेवल्यासारखा. फक्त बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"छान आलाय ना?" खालून मामी म्हणाल्या. "अंधारात काही दिसतच नव्हता."

"हो," तो म्हणाला. "मामांचा छान आलाय."

खाली उतरायला त्याने जरा वेळ लावला. मामांनी शिडी घट्ट धरून ठेवली होती.