बोटीचा नियम

शिवमनं वडिलांना ते खोटं सांगितलं तेव्हा असं काही सांगायचं म्हणून त्यानं ठरवलेलं नव्हतं. अकोल्याच्या ज्या लॅबमध्ये तो रक्त तपासायचं काम करायचा तिथली दुपारची गर्दी ओसरली होती. हातमोजे काढून तो नुकता खुर्चीत टेकला होता, तेवढ्यात गावाहून वडिलांचा, शालिकरामचा फोन आला.

"काय रे, आचल म्हने तुमी ज्वालामुखी पाहाले जाऊन राह्यले?"

सहा वर्षांच्या पोरीनं आजोबांना सगळं सांगून टाकलं होतं. शिवम म्हणाला, "हो. फेब्रुवारीत अंदमानले जातो, तं तिथून एक दिवस."

"म्हंजे धूर निंगते तेच ना? समुद्रातलं?"

"तेच."

मग शालिकराम म्हणाला, "एखांदी जागा असन तं मी बी आलो असतो." आणि लगेच, "नसन तं राहू दे."

जागा नाही असं शिवमला सांगता आलं असतं. पण महिनाभरापूर्वी दोन जागा होत्या, आणि त्या त्यानं सासऱ्यांना देऊन टाकल्या होत्या, हे मनात टोचत होतं. त्यामुळं तोंडातून भलतंच निघालं. "जागेचं नाही बाबा. साठीच्या वरच्या मानसाले घेतच नाही त्या बोटीवर. नियम हाय त्यायचा."

"असं काय," शालिकराम म्हणाला. "बरोबर हाय म्हना. भर समुद्रात एखांद्याले काही झालं तं डॉक्टर कुठून आनाचा." आणि तो हरभऱ्यावर पडलेल्या अळीबद्दल बोलू लागला. त्यानं साधी शंकाही काढली नाही. काढली असती तर शिवमला जरा बरं वाटलं असतं.

शालिकराम अडुसष्टचा. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडं त्याचं गाव, आठ एकर काळं वावर. बारा वर्षांपूर्वी त्या वावरात विहीर खोदली तेव्हा तीस फुटांवर काळा पत्थर लागला. सुरुंग लावून तो फोडला तर खाली तांबडा थर, आणि त्याच्या खाली पुन्हा काळा. नेमकं त्याच सुमारास अमरावतीच्या कुठल्याशा कॉलेजची पोरं आणि त्यांचे सर दगड पाहत त्या भागात फिरत होते. सरांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि सांगितलं, काका, हा एकेक थर म्हणजे जमिनीतून उफाळून आलेला एकेक तप्त लोंढा आहे, आणि तुमची काळी मातीसुद्धा त्याच दगडाची झालेली आहे. त्या दिवशी शालिकराम दुपारभर काम सोडून सरांच्या मागं मागं फिरला. तेव्हापासून घरी कोणीही पाहुणा येवो, चहा व्हायच्या आधी त्याला विहिरीच्या काठावर नेणं आलंच. शिवम तेव्हा कॉलेजात होता. "आपल्या देशात असं जितं कुठं हाय काय?" असं बापानं विचारल्यावर त्यानंच पुस्तकात पाहून सांगितलं होतं, एकच आहे, अंदमानातलं एक लहानसं बेट. आणि वर म्हणालाही होता, नोकरी लागली का नेईन तुमाले.

असा सगळा मामला होता. तरी डिसेंबरात अंदमानचं ठरलं, आणि बायकोनं, करिश्मानं विचारलं, "बाबांना विचारलं का तुम्ही?" तेव्हा शिवम म्हणाला होता, "विचारलं. नाही म्हणतात. समुद्राच्या पाण्याची भीती वाटते." आईचा प्रश्न नव्हता. आशाबाई दोरखंडानं बांधून नेली असती तरी बोटीत बसली नसती. करिश्मानं विचारलं, "मग माझ्या आई-पप्पांना विचारू?" शिवमनं मान हलवली. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

कारण सांगायला लाज वाटावी इतकं लहान होतं. दोन वर्षांपूर्वी लॅबच्या डॉक्टरांच्या कुटुंबाबरोबर ते चिखलदऱ्याला गेले होते. शालिकरामही होता. हॉटेलात जेवताना तो खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवा बसला. वेटरला म्हणाला, "बापू, कांदा कापू नोको, बुक्कीनं फोडून आन." डॉक्टरांच्या बायकोला तिच्या माहेरी किती वावर आहे ते विचारलं, आणि ओलिताचं किती, कोरडवाहू किती, तेही विचारलं. सगळे हसत होते. शिवमचे कान मात्र तापले होते. त्या जेवणाचा घास त्याच्या घशाखाली अजून उतरला नव्हता.

सासरे किशोरराव अमरावतीचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी सहलीची सगळी सूत्रं हातात घेतली. एक फाइल केली. त्यात सगळ्यांच्या आधारकार्डाच्या प्रती, तिकिटं, आणि स्वतःच्या हातानं काढलेला बेटाचा नकाशा. पहाटे पाचला बोट सुटणार, पाच-सहा तासांनी बेट दिसणार, त्याला दुरून एक वळसा, उतरायला परवानगी नाही, रात्री परत. बोट लागू नये म्हणून कोणती गोळी किती वाजता घ्यायची हेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते रोज फोन करून शिवमला एकेक नवी गोष्ट सांगत, आणि शिवम "हो पप्पा, हो" म्हणत ऐके. आपल्या बापानं हे सगळं किती चवीनं ऐकलं असतं, हा विचार तो बाजूला सारायचा, आणि पुढच्या फोनला तो पुन्हा यायचा.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी किशोररावांच्या भावाच्या भातकुलीकडच्या वावरात रोडग्यांचा बेत होता. व्याही म्हणून शालिकरामलाही आग्रहाचं बोलावणं होतं. तो धुतलेलं धोतर नेसून आला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून रोडगे निघत होते, वांग्याची भाजी पत्रावळीवर पडत होती, आणि किशोररावांनी बसल्या बसल्या फाइल उघडली.

"इवाईबुवा, तुम्ही पाहिजे होते बरं का," ते म्हणाले. "तुम्हाला त्या दगडांतलं आमच्यापेक्षा जास्त कळते."

"आता आपलं वय कुठं बसते त्याच्यात," शालिकराम म्हणाला. "साठीच्या वर घेत नाही ना जी ते."

किशोरराव हसले. "कोण म्हणते? मी सहासष्टचा आहे. हे पाहा." त्यांनी तिकिटाचा कागद पुढं केला.

शालिकरामनं कागद हात लांब करून धरला आणि वाचला. नावापुढं वय छापलेलं होतं. शिवम चार पावलांवर पत्रावळ हातात घेऊन उभा होता. त्याला तिथून हलताही येईना.

करिश्मा वाढता वाढता थांबली. "पण बाबा, तुम्हीच नाही म्हणाले होते ना? पाण्याची भीती वाटते म्हणून?"

पाण्याची भीती. गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरांना कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवणारा माणूस. शिवमला वाटलं, आता बाबा आपल्याकडं पाहतील. शालिकरामनं पाहिलं नाही.

"हो, हो. म्याच म्हटलं होतं," तो म्हणाला. "ते वयाचं काहीतरी दुसऱ्याच कशाचं डोक्यात बसलं माह्या. इहिरीत पोहनं येगळं अन् समुद्र येगळा, बाई. अन् तवा हरभऱ्याची सोंगनी हाय, मले कुठं जमते." त्यानं कागद होता तसाच घडी करून परत दिला. बोटीबद्दल दोन प्रश्नही विचारले, किती माणसं बसतात, धूर किती लांबून दिसतो. पण त्याच्या पत्रावळीवर अर्धा रोडगा राहिला. शालिकरामनं पानात टाकलेलं शिवमनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

अकोल्याला परत जाताना गाडीत करिश्मा पुढं, शिवमच्या शेजारी बसली होती. आचल मागं झोपली होती. मूर्तिजापूर मागं पडल्यावर करिश्मा म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलंच नव्हतं."

"नाही."

"का?"

शिवमनं चिखलदऱ्याचं सांगितलं. सांगताना ते आणखीनच क्षुल्लक वाटू लागलं.

"डॉक्टरसाहेब अजून दर महिन्याला विचारतात, बाबा कसे आहेत म्हणून," करिश्मा म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग तुम्हाला लाज कोणाची वाटली?" तिनं विचारलं. "आणि मी आज त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तुमच्यामुळं."

दुसऱ्या दिवशी शिवमनं तिकिटं काढून देणाऱ्या एजंटला फोन केला. बोट भरली होती, वर चौघांची नावं आधीच वाट पाहत होती. "माझ्या जागी वडील गेले तर?" त्यानं विचारलं. नाव बदलता येत नाही, एजंट म्हणाला. हा नियम मात्र खरा होता.

पुढच्या रविवारी तो एकटाच गावाकडं गेला. शालिकराम वावरात होता. रानडुकरं येऊ नयेत म्हणून बांधावर जुन्या साड्या बांधत होता. शिवमनं एक टोक धरलं. दोन साड्या बांधून झाल्यावर तो म्हणाला,

"बाबा, बोटीचा तसा काही नियम नाही."

"समजलं मले. तिथंच समजलं."

"मंग तुमी माह्यी बाजू कावून घेतली?"

"मंग काय करू? इवायाच्या पंगतीत पोराले खोटा पाडू?" शालिकरामनं गाठ आवळली. बराच वेळ तो त्याच गाठीशी खटपट करत राहिला. "न्याचं नव्हतं तं नाही म्हनाचं. मले राग आला नसता. पन तू ते वयावर ढकललं. अन् मी महिनाभर पारावर लोकायले सांगत फिरलो का सरकारनं लय चांगला नियम केला हाय, म्हाताऱ्याकोताऱ्यायची काळजी घेतली हाय."

शिवमला वाटलं, यापेक्षा बापानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"चिखलदऱ्याले काही चुकलं काय माह्यं?" शालिकरामनं विचारलं. चिखलदऱ्याचं नाव शिवमनं काढलंही नव्हतं. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि दोन वर्षं तो ते मनात ठेवून होता.

"तुमचं काहीच नाही चुकलं बाबा."

"मंग झालं."

पण ते झालं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शिवम म्हणाला, "पुढच्या वर्षी आपन दोघंच जाऊ." शालिकराम म्हणाला, "पाहू." त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जेवायला बसल्यावर आशाबाईनं ओल्या हरभऱ्याची भाजी वाढली, आणि बाप-लेकाकडं आळीपाळीनं पाहत दोघांच्याही ताटात आणखी एकेक भाकर टाकली.

फेब्रुवारीत ते अंदमानला गेले. बोटीच्या आदल्या संध्याकाळी एजंटचा निरोप आला, समुद्र खवळला आहे, उद्याची बोट रद्द. पुढची बोट पंधरा दिवसांनी. किशोरराव फाइल मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिले. पौर्णिमाताई, त्यांच्या पत्नी, त्यांची समजूत घालत होत्या. आचल रडून रडून झोपली. शिवमला मात्र आतून मोकळं मोकळं वाटलं. आता बाबांना काही पाहिल्याचं सांगायला नको, बाबांशिवाय ते पाहायलाही नको. आणि मग त्याच्या लक्षात आलं, सहा वर्षांची पोर रडते आहे, सासरे हिरमुसले आहेत, आणि आपण मनातल्या मनात खूश होतो आहोत. त्या खुशीचीही त्याला शरम वाटली.

सकाळी त्यानं हॉटेलच्या गॅलरीतून गावी फोन लावला. बाबांना ऐकून बरं वाटेल, निदान थोडं तरी, अशी त्याला कुठंतरी आशा होती. वाटलं असतं तर हिशेब थोडा तरी बरोबरीत आला असता.

"अरे रे," शालिकराम म्हणाला. "इतक्या दूर जाऊन? उद्या-परवा नाही काय निंगत?"

"नाही. पंधरा दिवसांनी."

"लय वाईट झालं बापा. पोरीनं मले किती काय काय इचारून ठेवलं होतं. इवाईबुवा कुठं हायेत? दे त्यायच्याकडं."

शिवमनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि दाराशी उभा राहिला. बापाचा आवाज त्याला तिथवर ऐकू येत होता. मन खट्टू करू नका, निसर्गापुढं कोनाचं चालते, इथं आमची तूर अशीच गेली होती, असं काय काय तो बोलत होता. किशोरराव "हो, हो" म्हणता म्हणता शेवटी हसलेसुद्धा. त्या आवाजात कुठंही काही दडवलेलं नव्हतं. शिवमनं नीट कान देऊन शोधलं. बापाला खरोखरच वाईट वाटलं होतं.

फोन परत हातात आला तेव्हा शालिकराम विचारत होता, "बरं, समुद्र तं दिसते ना तिथून? कसा हाय, सांग जरा."

शिवम कठड्यापाशी गेला. चार दिवस झाले होते येऊन, तरी त्यानं समुद्राकडं धड पाहिलंच नव्हतं. त्यानं पाहिलं, तोंड उघडलं, आणि कुठून सुरुवात करावी ते शोधू लागला.

"सांग ना," बाप म्हणाला. "आयकून राह्यलो मी."