वादकाचा रकाना

लॅपटॉपच्या पडद्यावर प्रत्येक भजनाच्या सुरुवातीला सरळ रेषेवर दोन लहान उंचवटे दिसत. पहिला बसका, दुसरा किंचित उंच. तो पेटीच्या भात्याचा आवाज होता. पहिल्या सुराआधी हवेचा अंदाज घ्यायला बाबा भाता दोनदा ओढून सोडत.

"हा मी," ते इअरफोन काढून म्हणत. मी वादकाच्या रकान्यात 'पुंडलिकराव' लिहून फाइल सेव्ह करायची.

हिंगणघाटच्या आमच्या भजन मंडळाला सगळी रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर हवी होती. काही जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, काही कुणाकुणाच्या मोबाइलवरची. कशालाच धड नाव नव्हतं. मी टॅग भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये भजन, गायक, वादक, वर्ष असं भरत होते. एकदा भरलेलं नाव फाइलच्या पोटातच राहतं. कुठल्याही मोबाइलवर लावा, दिसतं.

लकव्यानंतर बाबांचा उजवा हात पेटीवर चालत नव्हता. पेटी कपाटावर, शालीत. त्यांच्याकडेच शिकलेली सपना आता मंडळात वाजवायची, आणि मंडळ तिच्यासाठी ती पेटी मागत होतं.

"नवरीवानी शालीत गुंडाळून ठेवली," आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "अन् पाठवाचं नाव नाई."

"माह्या हातासारखा हात भेटू दे वं. मंग देतो."

"वर्षभर हेच ऐकून राह्यली मी."

मी पुढची फाइल लावली. दोन उंचवटे आले, गेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली.

"वा! अंतरा कसा उचलला, पाह्य. लिही, मी."

मी 'पुं' लिहिलं आणि थांबले. फाइल मोबाइलवरची होती, तिच्या नावातच तारीख होती. त्या आठवड्यात बाबा दवाखान्यात होते आणि मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते.

चुकीचं नाव लिहायला माझा हात धजेना. खरं सांगायला तोंड उघडेना. शेवटी मी म्हणाले, "बाबा, हे तुम्ही नाई."

"काऊन नाई? भाता ऐक ना. दोनदा."

"तवा तुम्ही दवाखान्यात होते. मंडळानं दुसरी पेटी मागून आणली होती. वाजवते ते सपना."

आईचे हात मेथीवर थांबले. बाबांनी इअरफोन पुन्हा कानात घातला. मी फाइल सुरुवातीला नेली. भजन संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"भाता असा ओढ, म्हणून मी तिले कधी सांगतलं नाई," ते म्हणाले.

"पाहू पाहू आलं अशीन," आई हळू आवाजात म्हणाली.

"अन् मीच फसलो न वं!" ते हसले. हसू ओसरल्यावरही पडद्याकडेच पाहत राहिले.

"लिहू?" मी विचारलं.

"लिही. पुरं नाव लिही तिचं."

मी 'पुं' खोडून सपनाचं नाव लिहिलं, सेव्ह केलं. बाबांची नजर पडद्यावरून कपाटाच्या माथ्यावर गेली.

"तिले फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, येजो अन् पेटी घेऊन जायजो. शालीसकट."