कुंकवाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळटलो आहे. मला दोन कान आहेत, त्यांना लोक अँटेना म्हणतात. त्यातला डावा जरा लुळा पडला आहे. भिंतीवर लटकायचं आणि घरभर इंटरनेट पुरवायचं, हे माझं काम. सहा वर्षं ते मी इमानेइतबारे केलं. आज मी नागपूरच्या प्रताप नगरात एका घरातल्या कपाटाच्या वरच्या खणात पडून आहे. बिघडलेलो नाही बरं का! वायर जोडली तर आजही माझे दिवे लागतात. तरी मला कोणी कामाला लावू शकत नाही. का ते ऐका, म्हणजे तुमच्या घरातल्या माझ्या भाऊबंदांवर ही वेळ येणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पण जन्मताच माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर माझा नंबर छापला, एवढं पक्कं आठवतं. आम्हा राऊटरांना नावं नसतात. नंबर हेच नाव आणि नंबर हेच गाव. हा नंबर कंपनीच्या ऑफिसात कळवला, की तिथला माणूस तो घरच्या लाईनीशी जोडून देतो आणि मग आमच्यात जीव येतो. नंबर नसेल तर वायर दारात येऊनही आम्ही उपाशीच.

मला पहिलं घर मिळालं ते नागपूरजवळ मौद्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत. घर महादेवरावांचं. हे गृहस्थ वीज केंद्रात फोरमन होते. यंत्र म्हटलं की त्यांचा जीव की प्राण. घरात त्यांच्या पत्नी इंदुताई आणि सून हिमानी. मुलगा दुर्गेश नोकरीसाठी रायपूरला, तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा. मला दिवाणखान्यात कॅलेंडरशेजारी टांगलं. कॅलेंडर दरवर्षी बदललं, मी मात्र तिथंच राहिलो.

टाळेबंदी लागली तेव्हा हिमानीचे बी.एड.चे तास माझ्यातूनच झाले. नवी सून, डोक्यावरून पदर, कानाला हेडफोन आणि मांडीवर वही, असं ते चित्र होतं. तिचा निकाल लागला तेव्हा महादेवरावांनी एक पेढा देवापुढे ठेवला आणि एक माझ्यापुढे. माझ्या वाट्याचा मुंग्यांनी खाल्ला, पण मान तर मिळाला! एरवी मला कोण विचारतो? चाललो तर कोणाला पत्ता नाही, अडलो की लगेच पाठीत धपाटा. पाल माझ्यामागे ऊब घ्यायला यायची, तेवढीच काय ती सोबत.

महादेवरावांचा एक शिरस्ता होता. दसऱ्याला वीज केंद्रात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, तशी ते घरीही करायचे. स्कूटर, मिक्सर, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, कोणालाही सोडत नसत. मलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. एका वर्षी कुंकवाचं पाणी माझ्या डोक्यावरच्या भोकांतून आत उतरलं आणि मी दोन दिवस शिंकत बसलो. तेव्हा हिमानी म्हणाली होती, "बाबा, त्याले वरून पाणी नका लावत जाऊ. खराब होऊन जाईन." महादेवरावांनी ते मनावर घेतलं. आणि मित्रांनो, तिथंच पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात झाली.

यंदा महादेवराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं आणि प्रताप नगरातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं. मुहूर्त धरला दसऱ्याचा, साडेतीन मुहूर्तांतला. पाहुण्यांना निमंत्रणं गेली. आणि नेमकी त्यानंतर हिमानीला ती बातमी कळली. चार वर्षं ती अर्ज करत होती. एका शिकवणीच्या कंपनीनं तिला घरी बसून गणित शिकवायच्या कामासाठी निवडलं होतं. आता फक्त परीक्षेसाठी एक तास शिकवून दाखवायचा होता. तारीख होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, वेळ सकाळी दहाची. अट एकच होती: मोबाईलचं नेट चालणार नाही, जिथून रोज शिकवणार त्या घरी पक्की लाईन पाहिजे, तास सुरू होण्याआधी ते ती तपासणार. हिमानीनं तारीख पुढे ढकलायला विनवलं, तर उत्तर आलं की मग थेट पुढच्या वर्षी.

हिमानीनं इंटरनेट कंपनीला आठ दिवस आधीच कळवलं. लाईन मौद्याहून प्रताप नगरला हलवायची आणि राऊटर हाच राहणार, असं ठरलं. "दसऱ्याले दुपारी बारापर्यंत आमचा माणूस येईन," असं तिकडून वचन मिळालं. ती रोज एकदा माझ्याकडे बघून म्हणायची, "एवढं एक काम कर रे बाबा." मला तेव्हा छाती असती तर ती फुगली असती.

दसऱ्याच्या पहाटे, टेम्पो दारात उभा असताना, महादेवरावांनी आम्हा सगळ्यांना ओळीत मांडलं. वस्तू नव्या घरी पूजेशिवाय न्यायच्या नाहीत, हा त्यांचा हट्ट. मला हातात घेतल्यावर त्यांना सुनेचे शब्द आठवले. वरच्या भोकांत पाणी जायला नको म्हणून त्यांनी मला पालथं केलं आणि पाठीवरच्या सपाट जागेवर हळदीचं ओलं बोट आणि त्यावर भरघोस कुंकू लावलं. बरोबर चिठ्ठीवर! मग मला टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं. ओलं कुंकू माझ्या नंबरावर वाळत गेलं आणि मला ते अगदी कौतुकाचं वाटत होतं. कसला मूर्ख मी!

नव्या घरी दूध उतू घातलं, तोरण बांधलं, पाहुणे जेवून गेले. बारा वाजले, एक वाजला, कंपनीचा माणूस काही येईना. दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते, गाड्या वळवल्या होत्या. हिमानी गॅलरीत जाऊन खाली बघायची, परत यायची, फोन लावायची. ताटातली पुरणपोळी तिनं तशीच ठेवली.

साडेचारला माणूस आला. अमोल त्याचं नाव. अंगात पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर घाम. "माफ करा ताई," तो म्हणाला. "सकाळी आईले घेऊन दीक्षाभूमीले गेलो होतो. निघता निघता खूप टाइम लागला. पण तुमचं काम करूनच जाईन."

आणि गडी कामाला भिडला. खांबावरून वायर ओढली, खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, टोक कापून जोडलं. मला वीज मिळाली. माझा लाल दिवा विझला. लाईन आली होती! आता ऑफिसात नंबर कळवायचा, दोन मिनिटांचं काम. अमोलनं फोन लावला, आणि मला उलटं केलं.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

पाठीवर कुंकवाची खपली होती. इंदुताई लगबगीनं पुढे आल्या. "थांब गा, मी पुसून देते," म्हणत त्यांनी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं. कुंकू गेलं. त्याच्याबरोबर, ओल्या हळदीत भिजून सुटलेली शाईही गेली. नंबराचे शेवटचे पाच आकडे फडक्यावर उतरले, लाल आणि काळे एकत्र.

मला माझा नंबर तोंडपाठ आहे, मित्रांनो. माझ्या पोटात तो कोरलेला आहे. पण मला तोंड कुठं आहे? माझ्या पोटातलं लॅपटॉपवर वाचता येतं, पण त्याचा पासवर्डही त्याच चिठ्ठीवर छापलेला, तोही पुसला गेला होता. मी जिवाच्या आकांतानं दिवे लुकलुकवले. त्याचा अर्थ कोणाला कळणार?

"हा तीन आहे का आठ?" हिमानीनं मोबाईलचा उजेड पाडून विचारलं.

अमोलनं अंदाजानं एक नंबर सांगून पाहिला. फोनवरचा माणूस वैतागला. "अंदाजानं नंबर टाकता येत नाई ना भाऊ, दुसऱ्याचीच लाईन बंद पडन. मौद्याची लाईन काढली तेव्हाच जुना नंबर इथून निघून गेला. आणि मी आज एकटा आहे. सहाले ऑफिस बंद करून राहिलो."

"नवा राऊटर देऊन द्या ना मग," इंदुताई म्हणाल्या.

"गोडाऊन परवा उघडन, काकू."

परवा! तास उद्या सकाळी दहाला होता. हिमानी भिंतीला टेकून खाली बसली. "मी सांगून देते त्यायले, की नाई जमत म्हणून," ती अगदी हळू म्हणाली. "चार वर्षं थांबली, अजून एक थांबन."

"काहून असं बोलून राहिली वं?" इंदुताईंचा आवाज चिरकला. त्यांच्या हातात ते फडकं तसंच होतं.

महादेवराव खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस. त्यांच्या हाताखाली कधी एक नट चुकला नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे. आता ते नुसते माझ्याकडे बघत होते. मग उठले, अमोलपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे बेटा. पोरीची काही चूक नाही. काही तरी कर गा." ह्या माणसाला मी सहा वर्षांत कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या कुंकवाचा मला जो अभिमान होता, त्याची लाज वाटली.

अमोलनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. "काकाजी, हात नका जोडू," तो म्हणाला. "माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे. माझ्या घरचा राऊटर काढून आणतो. त्याचा नंबर साफ आहे."

"आणि तुमच्या घरी?" हिमानीनं विचारलं.

"दोन दिवस टीव्ही नाई पाहिला तं काही बिघडत नाई, ताई. बायको, नंदिनी, थोडी ओरडन, ऐकून घेतो मी." असं म्हणत तो जिना उतरलादेखील.

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. ऑफिसचा माणूस सहाला उठणार होता. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. रस्त्यावर गर्दी होती, आणि मोटरसायकलचा प्रत्येक आवाज ऐकून हिमानी उठून उभी राहायची. दर वेळी दुसरीच गाडी निघायची. महादेवराव दार उघडं धरून जिन्यात उभे होते. नऊ मिनिटं उरली तेव्हा अमोल धापा टाकत वर आला. पिशवीतून त्यानं एक काळा राऊटर काढला, माझी वायर उपटली आणि त्याला खोचली. नंबर वाचला. पलीकडून खटखट ऐकू आली. मग एक हिरवा दिवा लागला, मग दुसरा, आणि मग तिसरा.

हिमानी तोंडावर पदर धरून रडली. खरं सांगतो, त्या काळ्या पोऱ्याचा मला क्षणभर हेवा वाटला. माझं काम त्यानं केलं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि हेवा विरून गेला.

महादेवरावांचा हात सवयीनं कुंकवाच्या वाटीकडे गेला. वाटेतच थांबला. त्यांनी वाटी झाकून ठेवली, आपट्याची पानं घेतली आणि अमोलच्या हातात दिली. "सोनं घे, बेटा."

"जय भीम, काकाजी," अमोल हसून म्हणाला.

"जय भीम," महादेवराव म्हणाले, आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला हिमानीनं तास घेतला. मी खिडकीच्या कठड्यावर विझून पडलो होतो, पण अपूर्णांक समजावतानाचा तिचा आवाज ऐकू येत होता. सुरुवातीला कापरा होता, मग चांगला ठणठणीत झाला. चार दिवसांनी तिला ते काम मिळालं.

अमोल नवा राऊटर घेऊन आला तेव्हा मला परत न्यायला निघाला. मग थांबला. "ह्याले जमा कसा करू? नंबरच नाई. कंपनीच्या लेखी हा आहेच नाई," तो म्हणाला. इंदुताई म्हणाल्या, फेकून द्या. हिमानीनं मला त्याच्या हातातून घेतलं. "नाई आई. माझं बी.एड. ह्याच्याजवळ झालं आहे." आणि तिनं मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. कोरड्या फडक्यात.

मित्रांनो, महादेवरावांवर मी रागावलेलो नाही. माझ्यावर एवढी माया दुसऱ्या कोणी केली नाही. पण त्या मायेत त्यांनी माझ्याकडे कधी नीट बघितलं नाही, एवढंच. तुमच्या घरात जी वस्तू मुकाट्यानं राबते, तिला फूल जरूर वाहा, ती सुखावते. त्याआधी मात्र एकदा तिला पालथी करा आणि तिच्या पाठीवर काय लिहिलं आहे ते वाचा, कुठंतरी टिपून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही कोण आहोत हे आमच्या वतीनं तुम्हालाच सांगावं लागतं.