आत्याचं वय आणि डावं चाक

अरे थांबा, आधी सगळं ऐका, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. मी स्वतःला एवढ्या घातल्यात की तुम्हाला नवीन काही सुचणार नाही, पण प्रयत्न करा.

तर आमची आत्या. बाबांची थोरली बहीण. आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि पडदे करते. नुसते शिवत नाही हां. लोकांच्या घरी जाते, खिडक्या मोजते, कापड पसंत करून घेते, घरी येऊन शिवते, आणि मग परत जाऊन स्वतः शिडीवर चढून, भिंतीला भोकं पाडून पडदा लावून येते. सत्तरी ओलांडलीय बाई. आणि हे सगळं चालतं तिच्या गाडीवर. गाडी वयाने माझ्याहून मोठी. पडद्यांचे रॉड डिकीतून आत सरकवायचे, ते थेट पुढच्या काचेपर्यंत येतात, दोन सीटच्या मधून. आत्याच्या शेजारी बसायचं म्हणजे रॉडला मिठी मारून बसायचं. गाडी बंद तर आत्याचं काम बंद. एवढे लांब रॉड घेऊन तिला बसमध्ये कोण चढू देणार?

ती गाडी खड्ड्यातून गेली की खालून धाडधाड करायला लागली. आत्याचा नेहमीचा मेकॅनिक म्हातारा होऊन मुलाकडे राहायला गेलेला. मग मी पुढे झालो. म्हटलं, "आत्या, मी आहे ना!"

आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं की आता बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात. पण तेव्हा अजून तशी पद्धत पडली नव्हती.

तुम्ही टोपीला ओळखता ना? तोच, झोपतानाही टोपी काढत नाही तो. त्याने नवीन गॅरेज टाकलंय. त्याने गाडी वर उचलली, खाली वाकून बघितलं आणि डॉक्टरसारखा म्हणाला, "शॉकअप गेलेत. आर्म पण बदलू." चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, तो आर्म. हे मला त्याच दिवशी कळलं, आणि संध्याकाळपर्यंत मी ते शेजारच्या काकूंनाही समजावून सांगितलं होतं.

आता मला घरी बसवेना. मी म्हटलं, मी पण मदत करतो. टोपीची एक पद्धत आहे. नट पूर्ण आवळून झाला की त्यावर पिवळ्या मार्करने एक रेघ मारायची, नटावरून खालच्या लोखंडापर्यंत. रेघ आहे म्हणजे नट आवळलेला आहे, परत हात लावायला नको. मी तो मार्कर मागून घेतला. मस्त चाललं होतं. तो आवळतोय, मी रेघ मारतोय, आणि वर तोंडाची टकळी चालू. आमच्या ऑफिसातल्या लिफ्टचा किस्सा सांगत होतो, तो हसून हसून लाल झालेला. तेवढ्यात त्याला फोन आला. तो बाहेर गेला. मी एकटा. हातात मार्कर. डाव्या चाकापाशी एक नट असा उघडा दिसत होता, बाकीच्यांना रेघ आणि त्याला नाही. बरं दिसेना हो ते! मी मारली रेघ. सरळ, सुबक. टोपी परत आला, रेघा बघितल्या, म्हणाला, "झालं वाटतं सगळं," आणि गाडी खाली घेतली.

हसू नका. अजून खूप बाकी आहे.

टोपीने गाडी घरी आणून दिली. धाडधाड बंद. माझी कॉलर ताठ. आत्याने चक्कर मारली, म्हणाली, "शहाणा आहेस की रे." हे ऐकायला मी पंचवीस वर्षं थांबलो होतो.

थोड्या दिवसांनी आत्या जिना चढता चढता आमच्याकडे थांबली आणि म्हणाली, "गाडी डावीकडे ओढतेय रे. आणि डावं चाक माझं ऐकत नाही."

मी टोपीला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, सगळ्या नटांना रेघा आहेत, मी स्वतः बघितल्या." आता बोला. मी आत्याला सांगितलं, "गाडीत काही नाही. तपासलंय." आणि वर, माझ्या जिभेला काही हाड? म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!"

ती हसली नाही.

त्यानंतर तिने आमच्या गेटच्या खांबाला गाडी घासली. ज्या गेटमधून ती माझ्या जन्माच्या आधीपासून गाडी काढतेय. मग एकदा दूधवाल्याच्या सायकलला निसटता धक्का. बाबा त्यांच्या ताईला, म्हणजे आत्याला, जाम घाबरतात, त्यामुळे ते मला हळूच म्हणाले, "वय झालं रे तिचं. तूच बोल." आणि पेपर उघडून त्याच्या मागे गेले.

मी बोललो. नुसता बोललो नाही, मी अभ्यास केला. मोबाईलवर वाचलं की वय झालं की माणसाची चपळाई कमी होते, आणि ती तपासायला पट्टी वरून सोडायची आणि समोरच्याने बोटांत पकडायची. मी आत्यासमोर पट्टी घेऊन उभा राहिलो. तिने प्रत्येक वेळी पकडली. मी म्हटलं, "किंचित उशीर होतोय."

"बरं," ती म्हणाली, "आता तू पकड."

पट्टी माझ्या पायावर पडली. मी म्हटलं, "मी दमून आलोय ना ऑफिसातून."

मग तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या वयात एवढे चांगले डोळे म्हणजे कमाल आहे. मी बाहेर येऊन बाबांना फोन केला, "बाबा, डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे प्रकरण डोळ्यांच्या वर आहे." आणि आत्या मागेच उभी होती. तिने ऐकलं. चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं आणि गाडीत बसली. जाताना एकदम हळू चालवली. मागचे लोक हॉर्न मारत होते आणि ती स्टिअरिंगला असं धरून बसलेली, दोन्ही हातांनी, शिकाऊ माणसासारखं.

आता हे सांगताना मला हसू येत नाही, पण सांगतो. एका घरी तिच्याबरोबर मी गेलो होतो शिडी धरायला. मोठी खिडकी. आत्या टेप लावते, मनात आकडा धरते, संपलं. लिहीत पण नाही. त्या दिवशी तिने मोजलं. परत मोजलं. मग खाली उतरली, टेप माझ्या हातात दिला आणि त्या घरच्या बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तू चढ रे. बघ किती येतंय ते. माझा भरवसा नाही राहिला."

मी चढलो. आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाटलं, बघा, मी म्हणत होतो ना!

त्या संध्याकाळी तिने गाडीची चावी आणून आमच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "शाळेच्या हॉलचा पडदा झाला की मी काम थांबवते. तेवढा पोचव मला. मी आता चालवत नाही." बाबा पेपरच्या मागून म्हणाले, "योग्य निर्णय आहे, ताई." आत्याने वर जाताना दार इतकं हळू लावलं की त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

तर शाळेचा हॉल. स्टेजचा पडदा. गडद लाल, मखमली, भरपूर कापड, त्याचा गठ्ठा मागच्या सीटवर, मधून रॉड, शेजारी आत्या रॉडला मिठी मारून. आणि स्टिअरिंगवर कोण? हा उंटावरचा शहाणा. आत्याने आजवर ती गाडी घरातल्या कुणाला चालवू दिली नव्हती, त्यामुळे दुरुस्तीनंतर मी पहिल्यांदाच तिला हात लावत होतो.

गल्लीतून बाहेर पडलो आणि गाडी डावीकडे निघाली. मी उजवीकडे वळवली. ती परत डावीकडे. मी परत उजवीकडे.

आत्या म्हणाली, "डावीकडे जातोयस."

"रस्ता तिरका आहे," मी म्हटलं.

पुढे ब्रेक मारला तर गाडीने अशी मान हलवली, जसं काही नको म्हणतेय. आत्या म्हणाली, "आता?"

"टायरमध्ये हवा कमी असेल."

"आणि आता फुटपाथकडे का चाललोय आपण?"

"वारा आहे आत्या!"

वारा! एक पान हलत नव्हतं. मला घाम फुटलेला, आणि खरं सांगू, मनात एकच विचार, की आपलंही वय झालं की काय? गाडीत काही असेल हे तरीही डोक्यात येईना. कारण गाडी तर मी दुरुस्त करून आणलेली!

शाळेच्या गेटाशी एक गतिरोधक आहे. मी अगदी हळू घेतला. पुढची चाकं चढली, उतरली, आणि खाली कडाड्! गाडीने डावा गुडघाच टेकला. रॉड सर्रकन पुढे आले, एक माझ्या कानाजवळून गेला, आणि मखमलीचा गठ्ठा मागून माझ्या डोक्यावर. अंधार. लाल अंधार. बाहेरून आत्याचा आवाज, "जिवंत आहेस का?"

"हूं," मी पडद्यातून म्हटलं.

मी बाहेर आलो तर आत्या उतरून पुढे उभी. डावं चाक पार वाकडं होऊन गाडीखाली दुमडलेलं. तिने चाकाकडे बघितलं. वाकून बघितलं. आणि हसायला लागली. आधी हळू, मग एवढी, की शेवटी तिने फुटपाथवर बसकण मारली. डोळ्यांतून पाणी. गेटावरचा वॉचमन धावत आला, त्याला वाटलं डोक्याला मार लागला.

"मी नव्हते रे!" ती त्या बिचाऱ्या वॉचमनला सांगतेय, "मी नव्हते! चाक होतं!"

टोपी आला. खाली झोपला. मग नुसता हात बाहेर काढून मला बोलावलं. मी पण खाली झोपलो. आर्मच्या टोकाला नट नव्हताच. तो हळूहळू सैल होत रस्त्यात कुठेतरी पडलेला. आर्मवर पिवळी रेघ होती, अर्धी. उरलेली अर्धी नटाबरोबर गेलेली. सरळ, सुबक रेघ.

टोपी कुजबुजला, "हा मी नुसता हाताने फिरवून ठेवला होता. फोन आला म्हणून. मी रेघ मारायला सांगितलं नव्हतं."

बाहेर आत्या उठली होती आणि आता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. "ये बाहेर! काढ ती टोपी! माणसं मरतील तुझ्या कामाने! मी हात थरथरतोय का बघत बसले रात्र रात्र! आजपासून एक माणूस तुझ्या दारात येऊ देते का बघ!"

आणि टोपीने टोपी काढली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचे केस बघितले. तो माझं नाव घेईना. खाली मान घालून उभा. गप्प बसलो असतो ना, तर सुटलो असतो. आत्याला त्या रेघांचं काही माहीत नव्हतं. आणि मी गप्प बसायचा विचार केला, नाही असं नाही. केला.

मग म्हटलं, "आत्या, रेघ मी मारली."

सगळं सांगितलं. रेघ, फोन, बरं दिसत नव्हतं, सगळं.

ती दोन पावलं पुढे आली. मग वकिलासारखं सुरू झालं.

"चाक तू सैल सोडलंस."

"हो."

"आणि डोळे माझे तपासलेस."

"हो."

"आणि पट्टी पण माझ्यावर सोडलीस."

"हो, पण ती तू पकडलीस."

"मध्ये बोलू नकोस. डोळ्यांच्या वर काय आहे म्हणालास?"

मी टोपीकडे बघितलं, तो आता बराच खुशीत दिसत होता. आत्या त्याच्याकडे वळली, "तू दात काढू नकोस. न आवळता फोनवर गेलास कसा?" त्याने टोपी परत घातली.

मग मला म्हणाली, "बापाला लाव फोन. मोठ्या आवाजात ठेव."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघ ताई, मी आधीपासून म्हणत होतो की गाडीतच..."

"तू काही म्हणत नव्हतास. तू पेपर वाचत होतास. ठेव फोन."

गाडी टोपीने नीट केली, फुकट, आणि मला गेटबाहेर उभं करून. वर सांगितलं, "आत बघायचं पण नाही." आत्याने चावी घेतली. म्हणजे मी द्यायला हात पुढे केला, तिने बघितलंही नाही, वर तिच्या घरच्या टेबलावरच्या वाटीतून दुसरी चावी उचलली. दोन होत्या! दुसरी तिने कधी दिलीच नव्हती आम्हाला. काम थांबवणार असं ज्या ज्या लोकांना सांगितलं होतं, त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकाला "आत्या येतेय" एवढंच सांगून चालत नव्हतं, "चूक कुणाची" हेही सांगायचं होतं. एक आजी तर म्हणाल्या, "थांब, यांना पण ऐकव," आणि आजोबांना फोन दिला. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

काल तिच्याबरोबर निघालो. ती चालवतेय, मी शेजारी, रॉडला मिठी मारून, मांडीवर हुकांचा डबा. आमची गल्ली ठाऊक आहे ना, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, मधून जेमतेम जागा. आत्याने गाडी काढली. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. सवय हो! म्हटलं, "हळू."

तिने ब्रेक मारला. पुढे बघतच म्हणाली, "उतर."

"अगं आत्या, मी सहज..."

"उतर खाली."

मी उतरलो. ती गेली. मी गल्लीच्या मध्यावर उभा, आणि हातात हुकांचा डबा. हुकांशिवाय पडदा काय लावणार ती? मी ओरडलो, "आत्या, हुक!"

टोकाला गाडी थांबली. मागचे पांढरे दिवे लागले. आणि ती मागे आली रे, सगळी गल्ली, दोन्हीकडच्या गाड्यांच्या मधून, सुतात, एकदाही न थांबता, न वळवता, थेट माझ्या पायापाशी. खिडकीतून हात बाहेर आला. मी त्यावर डबा ठेवला. हात आत गेला, काच वर झाली, आणि ती गेली.

मी आलो चालत.