एकतिसावा एक्स

पाच वाजले होते, मान अवघडली होती आणि चूक माझीच होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी वर तोंड करून विचारायला नको.

सात रस्ता चौकाजवळच्या एका संस्थेच्या ऑफिसात मी आकडे भरते. माढ्याकडच्या एका वस्तीवर आम्ही बायकांचं रक्त तपासलं. तिथली आशा सेविका नागूबाई. तिनं नावांच्या यादीचा फोटो पाठवला, आकडे फोनवर ओळीनं सांगितले. पहिल्या बाईचं हिमोग्लोबिन x₁, दुसरीचं x₂, असं साहेबांना लागतं. एक्सच्या पायाशी बारका आकडा, तोच त्या बाईचा पत्ता. मग साहेब म्हणाले, मधला आकडा काढा. मी आकड्यांचा एकटा रकाना चढत्या क्रमानं लावला आणि फाइल सेव्ह करून बंद केली. झालं! x₁ ते x₃₁ जागच्या जागी, पण आकडे भलत्याच बायांपुढं.

सगळ्यात वर ५.८. बाराच्या वर हवं, तिथं हे! ही बाई उभी तरी कशी राहते? सकाळी संस्थेची गाडी वस्तीवर जाणार, तिला दवाखान्यात न्यायलाच हवं. पण न्यायचं कुणाला?

नागूबाईला फोन लावला. "वही काढ आणि नावानिशी परत सांग."

"आता गं बया! आत्ताच चूल पेटवली की, ताई."

"चूल राहू दे!"

ती सांगत गेली. दर नावानंतर दम खायला थांबायची. मी चिडले, "भरभर सांग की, मला घर नाही का?" तीस नावं झाली. सगळ्यात कमी आठ. ५.८ कुठंच नाही.

"नागूबाई, नावं तीस, आकडे एकतीस. शेवटचा कुणाचा?"

"माजाच की. रगत तपासायची एक पट्टी उरली हुती, वाया कशाला घालवायची? नाव न्हाय लिवलं. मी काय तपासाय आल्याली बाई हाय व्हय?"

मघापासून हिच्यावरच ओरडत होते मी.

"सकाळी गाडीत तूच बसायचंस."

"अन् बायांस्नी गोळा कोन करनार? उद्या लस हाय."

"लसीचं मी बघते. बसायचं म्हणजे बसायचं!"

"बरं," ती म्हणाली. वाद घालायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

मी सगळे आकडे जागेवर लावले. x₃₁ पुढं 'नागूबाई' लिहिलं आणि हात थांबला. तीन वर्षं रोज हिला फोन करते. हिचं आडनाव मला माहीतच नव्हतं.